मनोऱ्याच्या टोकावर दादा

माझा दादा गवंडी होता, आणि त्याने बांधलेला चर्चचा मनोरा इतका उंच होता की कबुतरं अर्ध्या वाटेत बसून दम खायची. दादा सकाळी वर शिंकला की आम्हाला खाली जेवायच्या वेळेला ऐकू यायचं. हसताय काय? खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

हात सोन्याचा, पण तोंड? "देवाने डोंगर केले, मान्य आहे," म्हणायचा, "पण ओळंबा लावला का? सगळे वाकडे."

"अहो, हळू बोला," वहिनी म्हणायची. "ज्याचं घर बांधताय, तो ऐकतोय."

आता गवंड्यांचा एक नियम असतो. शिडी कशीही चढा, पण उतरताना तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे, आणि कमरेला दोर. टोकावर क्रूस बसवायचा त्या दिवशी दादा म्हणाला, "मी काय पाल आहे भिंतीला चिकटून उतरायला? मी लोकांकडे तोंड करून उतरणार. हात हलवत."

"आणि पडलात तर?"

"मी पडत नसतो."

वहिनीच्या कडेवर तान्हं होतं. तिने ते दुसऱ्या कडेवर घेतलं.

कप्पीने क्रूस वर गेला. दादाने तो खोबणीत बसवला, पाचर ठोकली, आणि कमरेचा दोर सोडून खुशाल खाली टाकून दिला. मग क्रूसाला पाठ लावून ऐटीत उभा राहिला.

खाली फादरांनी खूण केली आणि सगळी गर्दी गुडघ्यांवर आली. वरून दादाने पाहिलं तर अख्खं शहर त्याच्यापुढे वाकलेलं. त्याने दोन्ही हात पसरले. आशीर्वाद देत होता, माझा भाऊ.

तेवढ्यात वहिनीने मान वर केली. तिचा आवाज म्हणजे तुम्हाला सांगते, चर्चच्या घंटेनेही कान झाकावेत.

"अहो, जरा सरका. क्रूस झाकलात तुम्ही."

दादाचे हात हळूहळू खाली आले. लोक कोणापुढे वाकलेत ते त्याला आत्ता कळलं, आणि कळलं तसं त्याने खाली पाहिलं. पायाखाली वीतभर रुंदीची कड, उभ्याने वळायची सोय नाही, दोर तर खाली पडलेला. वहिनी उठून उभी राहिली.

वर दादा जपून खाली वाकला. गुडघे टेकले, आणि गुडघ्यांवरच इंच इंच वळला.

समोर क्रूस, आणि त्याच्यामागून ढग चाललेले. इथे मी तिखटमीठ लावत नाही हं, हे तोच सांगायचा. बघता बघता ढग जागच्या जागी थांबले आणि क्रूस चालायला लागला. त्याच्याबरोबर मनोरा निघाला, शहर निघालं, डोंगरसुद्धा निघाले. "मी समजत होतो मनोऱ्याने क्रूस धरलाय," दादा म्हणायचा. "तर क्रूसानेच मनोरा धरला होता गं. आणि मलाही."

त्याने क्रूसाला मिठी मारली आणि एक पाय खाली सोडला. शिडी लागली. मग दगडाला नाक घासत, जगाकडे पाठ करून, एकेक पायरी उतरला.

खाली पोचला तेव्हा प्रार्थना चालूच होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी वळून पाहिलंही नाही. दादा सगळ्यांच्या मागे, चुना कालवणाऱ्या आम्हा बायांच्या रांगेत जाऊन गुडघ्यांवर बसला. वहिनी बाळाला घेऊन त्याला खेटून बसली.

"लागलं का कुठे?"

"गुडघे सोलले," म्हणाला, आणि त्याने बाळाला छातीशी घेतलं.

फादरांची प्रार्थना संपली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. दादा सगळ्यांच्या नंतर म्हणाला, इतकं हळू की शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं.