रिकामी कशी देऊ?

मित्रांनो, मला हलवलंत की गळ्यात काहीतरी खुळखुळतं. घाबरू नका, मी फुटलेली नाही. मी सोड्याची एक जुनी बाटली आहे आणि खुळखुळते ती माझी काचेची गोळी. परभणीच्या अप्पारावांच्या ‘नर्मदा सोडा वॉटर’ कारखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. कारखान्याच्या पाटीवर वर उर्दू आणि खाली मराठी अक्षरं होती. नर्मदा हे मालकिणीचं नाव. कारखाना म्हणजे तरी काय, स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागं एक विहीर.

माझा जन्म मात्र परभणीचा नाही. मला कुठल्या भट्टीत ओतलं ते आठवत नाही. गवतात गुंडाळून, पेटीत बसून, मुंबईकडून रेल्वेनं आले एवढं खरं. जाड हिरवट काच, आवळलेला गळा आणि गळ्याच्या एका बाजूला दोन खळगे. पिताना खळग्यांची बाजू खाली धरली की गोळी तिथं अडून बसते आणि सोडा सुखानं बाहेर येतो. उलटी धरली की गोळी तोंडाशी येऊन बसते, मग बसा आभाळाकडं बघत. पाथरीचे किशनराव, मोठे जमीनदार, भर बाजारात मला उलटी धरून बसले आणि वर म्हणाले, “अप्पाराव, बाटली बिघडली तुमची.” मी बिघडले नव्हते, पण मोठ्या माणसाला सांगणार कोण?

कारखान्यात यंत्रावर मुंजाजी असायचा. तोंडाला गोणपाट बांधून तो यंत्राचा दांडा फिरवायचा, कारण आमच्यातली एखादी गॅसच्या जोरानं फट्कन फुटायची. लिंबाचा, आल्याचा आणि गुलाबी असे तीन सोडे निघत. बाजाराच्या दिवशी मुंजाजी ओल्या पोत्यांखाली आम्हाला झाकून ताडकळसला न्यायचा. परत आलेल्या बाटल्या दगडाबाई राखेनं आणि काथ्यानं धुवायची. तिचा हात खरखरीत होता, पण तिच्या हातून आमच्यातली एकही फुटली नाही. मला तिचा हात फार आवडायचा.

आता एक गंमत सांगते. आमच्याकडं शेजारणीचं भांडं आणलं तर ते रिकामं परत देत नाहीत. चार दाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. खेड्यातल्या बाया भरलेली बाटली घरी नेत आणि पुढच्या बाजारी परत देत. त्यांनी ठरवून टाकलं की सोड्याची बाटली म्हणजेही परक्याचं भांडंच. झालं! बाजारातून परत येणाऱ्या प्रत्येक बाटलीत ज्वारीचे दाणे. काही पोटात, काही गोळीमागं गळ्यात अडकलेले. दगडाबाई काडीनं उकरून उकरून थकायची. एकदा एक दाणा तिच्या नजरेतून सुटला आणि सोड्यात भिजून टम्म फुगला. त्या दिवशी अप्पाराव स्वतः ताडकळसच्या बाजारात आले होते. एका गिऱ्हाइकानं बाटली उन्हात धरून विचारलं, “अप्पाराव, तुमी सोडा इकायलाव का घुगऱ्या?”

सगळा बाजार हसला. अप्पाराव संतापले. “मुंजाजी, सांग त्या बायांना. बाटली हाय का कणगी हाय ही? रिकामी आणली तरच पुढचा सोडा मिळंल!”

मुंजाजीनं तसं सांगितलं. त्यानंतर बाटल्या परत येणंच बंद झालं. बाया बेइमान नव्हत्या, पण रिकामं भांडं द्यायला त्यांचा हात धजेना आणि भरलेलं मालक घेईना. म्हणून आम्ही घरोघरी कोनाड्यांत बसून राहिलो. इकडं भरायला बाटल्या नाहीत म्हणून यंत्र थंडावलं. अप्पारावांनी डोक्याला हात लावला.

तोडगा काढला नर्मदाबाईंनी. त्यांनी एक टोपली कारखान्याच्या दारात ठेवली आणि एक मुंजाजीच्या गाडीत. “दाणे टोपलीत टाका, बाटली रिकामी द्या. म्हंजी तुमची रीत बी राहील आन् आमचा सोडा बी,” त्या म्हणाल्या. बायांना ते पटलं. टोपलीतली ज्वारी दगडाबाईच्या घरी जाऊ लागली. अप्पाराव मात्र टोपली दिसली की कपाळाला आठ्या घालायचे.

पुढं मोठं युद्ध लागलं आणि नव्या बाटल्या येणं थांबलं. फुटेल ती कायमची गेली. गावातली पोरं गोळीसाठी आम्हाला दगडावर आपटायची. एका गोळीसाठी अख्खी बाटली! माझ्या सोबतीच्या कितीतरी जणी अशा गेल्या, आणि त्याचा राग मला आजही येतो. उरलेल्या आम्हा बाटल्यांवरच कारखाना चालला होता.

मग १९४८ साल आलं. रझाकारांच्या धामधुमीत लोक जीव मुठीत धरून राहत होते. सरहद्दीवरून माल येईना. कारखान्यात गॅसचं शेवटचं नळकांडं उरलं होतं. त्या उन्हाळ्यात राणीसावरगावच्या धुरपताबाईच्या लेकीचं, कावेरीचं, लग्न निघालं. वरातीला रंगीत सोडा पाहिजे असा नवऱ्याकडच्यांचा हट्ट होता. धुरपताबाई विधवा बाई, स्वतः परभणीला आली. “मालक, सोडा न्हाई दिला तर वऱ्हाड रुसून बसंल,” म्हणाली. अप्पारावांनी शेवटचा गॅस वापरून जवळजवळ सगळ्या बाटल्या भरल्या आणि गंगाखेडपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं रवाना केल्या. त्यांत मीही होते.

लग्न छान झालं. गुलाबी सोड्यावर वऱ्हाड खूश झालं. पण आम्हाला परत पाठवायच्या आधीच गावावर धाड येणार अशी बातमी आली आणि गाव उठलं. कुणी डोंगराकडं गेलं, कुणी सरहद्दीपलीकडं. धुरपताबाईनं निघताना अंगणातलं धान्याचं पेव उघडलं. त्या खोल खड्ड्यात बियाण्याच्या ज्वारीचं एक गाडगं ठेवलं आणि शेजारी आम्हाला पोत्यांत घालून उतरवलं. “परक्याची अमानत हाय, जपून ऱ्हावा गं,” असं आम्हालाच बोलली आणि वर माती लोटली. सगळा पावसाळा आम्ही त्या अंधारात काढला. वरून पाणी झिरपायचं. आपण आता मातीतच राहणार असं मला वाटू लागलं होतं.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. रस्ते खुले झाले, परभणीला गॅसचं नळकांडं आलं, पण भरायला बाटल्या नव्हत्या. मोडक्यातोडक्या चार बाटल्यांवर काय धंदा होणार? दगडाबाई सवयीनं यायची, अंगण झाडून जायची. अप्पारावांनी यंत्र विकायचं ठरवलं. नांदेडचा एक जण ते न्यायला येणारही होता.

त्याच्या आधी धुरपताबाई आली. तिचं घर जळालं होतं. तिनं कारखान्याच्या ओट्यावर पोती उतरवली आणि आम्हाला एकेक करून मांडलं. दगडाबाईनं मला उचलून पदरानं पुसलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. मग धुरपताबाईनं पदराची गाठ सोडली आणि दाराकडं बघितलं.

“टोपली कुठं हाय?”

टोपली माळ्यावर गेली होती. तिचं कामच उरलं नव्हतं.

“बाई, या खेपेला राहू द्या,” अप्पाराव म्हणाले. “हे बियाणं दिसायलंय. पेरणी तोंडावर आली तुमची.”

“बियाणंच हाय. निम्मं गाडगं भिजून गेलं, त्यातलं हे चांगलं निवडलं. पन भांडं रिकामं कसं देऊ, मालक? लेकीचं लगीन निभलं ह्याच्यावर.”

ज्या अप्पारावांनी दाण्यांवरून बाजार डोक्यावर घेतला होता, त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. ती मूठभर ज्वारी घेऊन ते तसेच उभे राहिले. मला डोळे असते तर मी रडले असते.

धुरपताबाई रिकामी पोती झटकून निघाली, तेव्हा त्यांनी हाक मारली. “थांबा बाई. पोती रिकामी कशी जातील?” आणि घरातल्या कणगीतली ज्वारी त्यांनी स्वतःच्या हातानं त्या पोत्यांत भरली. धुरपताबाई नको नको म्हणत होती. नर्मदाबाई म्हणाल्या, “घ्या हो. आमाला बी रीत हाय का न्हाई?”

नांदेडच्या माणसाला यंत्र मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी मुंजाजीनं तोंडाला गोणपाट बांधलं, दांडा फिरवला आणि पहिली भरली ती मी.

मित्रांनो, कारखाना पुढं बरीच वर्षं चालला आणि मग बंद झाला. आता मी अप्पारावांच्या नातीच्या खिडकीत आहे. लोक मला उचलतात, गोळी वाजवून बघतात. माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. कुणाची वस्तू तुमच्या घरात राहिली असेल तर ती जपा आणि पोचती करा. एवढ्याशा गोळीसाठी बाटली फोडू नका.

आणि मला हलवलंत तर नीट ऐका. गोळीबरोबर आणखी काहीतरी वाजतं. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी नर्मदाबाईंनी मला घरी आणलं आणि खिडकीत ठेवण्याआधी माझ्यात ज्वारीचे चार दाणे टाकले.