जानरावाच्या पानात काय वाढायचं

जानराव जाऊन बारा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तेरवी. पिंपळगाव राजाचं ते घर सोयऱ्यांनी भरलं होतं, आणि सगळ्यांदेखत ननंदेनं, वच्छलाबाईनं विचारलं, "वयनी, उद्या दादाच्या पानात त्याच्या आवडीचं काय ठेवतं? तेवढं सांग, मंग सामान काढतो."

जानरावाच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, हनुवटी वर केली. "पुरणाची पोळी. अजून काय?"

"दादाले गोड कधी आवडे वो? गुळाचा खडासुदा मले देऊन टाके."

"मंग तुमीच सांगा."

"मी काय सांगू? तीस वर्षं तं तूनं रांधलं न त्याले!"

तोंडाचा पट्टा म्हणून गावभर नाव असलेली बाई सामानाच्या डब्यांकडे वळली.

काय आवडायचं त्यांना? बाईनं तीस वर्षांची ताटं आठवून पाहिली. माणूस दिवस बुडाल्यावर शेतातून यायचा, हात धुवायचा आणि उरलंसुरलं मुकाट्यानं जेवायचा. काय करू म्हणून विचारलं, की "असंल ते." साय पोराच्या, पंजाबच्या ताटात, तुपातली पोळी पोरींच्या ताटात. विहिरीचा खडक त्यानं दोन उन्हाळे स्वतः फोडला, अंगात ताप घेऊन कपाशीला पाणी दिलं, तीन पोरी उजवल्या, पोराला खामगावच्या शाळेत घातलं. आणि बाई चारचौघींत म्हणायची, "आमच्या घरच्याले चव कुठं कळते? बैलापुढं टाकलं तसं खाते." जानरावही सगळ्यांबरोबर हसायचा.

पत्रावळीचा भारा उतरवत शेतावरचा सालदार कचरू दारात घुटमळला. "बाई, रागावसान नाही तं सांगतो."

"बोल लवकर."

"मालक वावरात माह्यासंग शिदोरी बदलत. तुमची पोळी-भाजी मी खाओ. मालक माह्या फडक्यातली अंबाडीची भाजी न कण्या खात."

"रोज?"

"अंबाडी हाये तोवर रोज. मनत, घरी नोको सांगू बे कचरू, तिच्या माहेरी पाटीलकी होती, तिले वाईट वाटन."

बाईच्या डोळ्यांपुढं लग्नानंतरचा पहिला पोळा आला. सासूनं अंबाडीची भाजी वाढली होती, आणि नव्या नवरीनं ताट सरकवलं होतं. "आमच्या इथं हे सालदाराच्या घरी शिजते." सासूनं ते ताट उचलून नेलं. जानराव खाली मान घालून जेवत राहिला. त्या दिवसापासून या घरात अंबाडी शिजली नव्हती.

पुरणपोळी वाढली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. कचरूची काय बिशाद! पण बाई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि भर दुपारी कचरूच्या झोपडीत जाऊन उभी राहिली. कचरूची बायको कोकिळा घाबरून उठली.

"बस. मले अंबाडी शिकव."

"तुमाले? मी करून आणून देतो न बाई."

"माह्या हातानं करतो मी. सांग."

कोकिळेनं सांगितलं. पाला उकडायचा, आंबट पाणी पिळून टाकायचं, थोडी तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं. "वरून लसणाच्या फोडणीचं तेल. मालकाले जरा जास्तच लागे."

हे कोकिळेला ठाऊक होतं. बाईला ते काट्यासारखं रुतलं.

दुसऱ्या दिवशी पान मांडलं तेव्हा वच्छलाबाईनं नाक मुरडलं. "तेरवीले अंबाडी? न वरून लसूण? लोक काय मनतीन?"

"मनू द्या. पान त्यायचं हाये, लोकायचं नाही."

पंगती उठल्या. सोयरे पांगले. भांडी घासायला आलेल्या कोकिळेसमोरच बाईनं पातेल्याच्या तळाशी उरलेली भाजी ताटलीत घेतली. तीस वर्षांत कधी जिभेला लावली नव्हती. वाईट लागावी, असं तिला मनापासून वाटत होतं. वाईट लागली असती, तर आपलंही काही चुकलं नव्हतं असं म्हणता आलं असतं.

भाजी चांगली होती. आंबट, भरड, तेलानं झणझणीत. बाईनं दुसरा घास घेतला, मग तिसरा.

"कोकिळे," ती खाली मान घालून म्हणाली, "हे त्यायले घरी, माह्यासमोर बसून खाता आलं असतं."

मालकिणीचं मन राखायला खोटं कसं सांगावं, कोकिळेला सुचेना.

"हाव बाई," ती म्हणाली.