शेंदराचं शिसं

पोखर्णीच्या आमच्या शेतातल्या एका दगडानं महिनाभर माझे पाय जमिनीला लागू दिले नव्हते. मी पुण्यात पृथ्वीच्या पोटाचं रसायनशास्त्र शिकते. काळ्या खडकातल्या शिशाचे चार प्रकार मोजले, की त्यांच्या प्रमाणावरून कळतं, लाव्हा खालच्या कुठल्या थरातून वर आला. या दगडाचं प्रमाण माझ्या दुसऱ्या सदतीस दगडांपैकी एकाशीही जुळेना. सर हरखून गेले. "त्रिवेणी, हा थर आजवर कुणाला सापडलेला नाही!" सोमवारी शोधनिबंध पाठवायचं ठरलं.

त्याआधी आणखी एक तुकडा हवा, म्हणून मी गावी आले आणि विहिरीच्या काठावरचे दगड फोडत बसले. आई भाकरी घेऊन आली.

"हितं काय शोधायलीस? तुला पाठवलेला दगड हितला नव्हता."

"मग कुठला?"

"इहिरीला पाणी लागलं तवा पयला निघाला ना, त्यो. बांधावर मांडला व्हता. दर अमुशाला शेंदूर लावायचे मी. म्हणलं, आमाला पाणी दिलं, लेकीला बी यश दील. तू साफ दगड पायजे म्हणलीस, म्हणून घासून काढला. लय येळ लागला बाई."

शेंदूर म्हणजे शिसंच. विहीर खणल्यापासून बारा वर्षं तेलातून भेगांत मुरलेलं. प्रयोगशाळेत दगड धुतो त्या ॲसिडनंही ते निघालं नसणार. म्हणजे मला सापडलेला थर पृथ्वीच्या पोटातला नव्हताच, परभणीच्या बाजारातल्या पुडीतला होता!

असा संताप आला, की आईवर ओरडणारच होते. पण तिला कुठल्या तोंडानं बोलणार? तापाचं निमित्त करून फोनवर दगड मागवणारी मीच, आणि वहीत 'नमुना स्वतः फोडून घेतला' असं लिहिणारीही मीच.

"देव घासला म्हणून कोपला का गं?" आईचा चेहरा उतरला होता.

"न्हाई आई. तुझं काई चुकलं न्हाई."

तिथूनच सरांना फोन लावला, शेंदराचं सांगितलं.

"पण वहीत तू स्वतः फोडला लिहिलंयस. शेंदराचा दगड तुला ओळखू आला नाही?"

नाही आला, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"सर, तो मी फोडलाच नाही. वहीत खोटं लिहिलं."

"आणि बाकीचे सदतीस? ते तरी तूच फोडलेस ना?"

ते मीच फोडले होते, भर उन्हात, हाताला फोड येईपर्यंत. पण मी "हो" म्हणाले, तेव्हा ते माझं मलाच खोटं वाटलं.