पश्चिमेचा वारा आणि मीनाक्षीअक्का

मीनाक्षीअक्का म्हटलं की डिसेंबरातलं बसवनगुडीचं कोवळं ऊन आठवतं, आणि त्या उन्हात सोलल्या जाणाऱ्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा हिरवा, किंचित तेलकट सुगंध. निवृत्तीपर्यंत त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं होतं. कित्येक पिढ्या या कानडी शहरातच रुजलेल्या त्यांच्या घरातल्या मराठीत कानडी शब्द असे मिसळले होते, की शिवण कुठे दिसू नये. वैमानिक व्हायला निपाणीहून आलेली मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते.

विमान माझं ऐकत असे. दिशा आखण्याच्या पेपरात मात्र मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदाही तेच झालं तर सामान बांधून घरी परतायचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. एका सकाळी मी जिन्यावर डोळे पुसत बसले असताना ओसरीवर शेंगा सोलणाऱ्या अक्कांनी माझी वही ओढून घेतली. विमानात त्या आयुष्यात बसल्या नव्हत्या. पण वाऱ्याचे ते त्रिकोण पाहताना जुना स्नेही भेटावा तसा प्रकाश त्यांच्या मुद्रेवर पसरला.

"हा बाण वाऱ्याचा ना? याने पश्चिमेकडे तोंड का केलंय?"

"पश्चिमेचा वारा आहे म्हणून, अक्का."

त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मांडीवरच्या शेंगा ओसरीभर झाल्या. "अगं, पश्चिमेचा म्हणजे पश्चिमेहून आलेला! तू निपाणीची, म्हणून निपाणीकडे चाललीस होय? स्वल्प विचार कर. बाण पूर्वेकडे!"

दोन परीक्षांचं दुःख एका उलट्या बाणात दडलेलं होतं. मग महिनाभर रोज सकाळी विमानाचा एक बाण, वाऱ्याचा दुसरा, आणि त्या दोघांच्या बेरजेतून उमटणारी जमिनीवरची खरी वाट, असं आमचं चाललं. मी चुकले की त्या बोटाने हवेत रेघ ओढत, आणि बरोबर आलं की कानडीत नुसतं "सरी", म्हणजे 'बरोबर', म्हणत. त्या एका शब्दासाठी मी जीव टाकत असे. तिसऱ्या खेपेला पेपर सुटला.

पुढे दूरच्या पल्ल्यावर एकटीने जायचा दिवस आला. दक्षिणेकडे निघाले, डाव्या पंखाखाली दिसायला हवं होतं ते तळं उजवीकडे चकाकलं. वारा सांगितल्यापेक्षा जोराचा होता. त्याने मला पूर्वेकडे लोटलं होतं. गुडघ्यावर बांधलेल्या कागदावर नवा त्रिकोण काढला, नाक आणखी उजवीकडे वळवलं, आणि श्वास रोखून बसले. पुढचं गाव नेमकं नाकासमोर उगवलं, तेव्हा मी त्या एकांतात मोठ्याने हसले.

संध्याकाळी अक्कांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "उशीर किती?"

"चार मिनिटं."

"सरी. आता जेव."

मग पानात दुसऱ्यांदा उप्पिट वाढताना त्यांनी पदराने हळूच डोळे टिपले.

आता अक्का लेकीकडे धारवाडला असतात, आणि मी आज या शहरी तर उद्या त्या. भेटीला वर्षं उलटतात. तरी त्यांची अनुपस्थिती मला कधी रिकामी वाटली नाही; शिकवून गेलेलं माणूस आपल्या हातांच्या सवयींत बिऱ्हाड करतं, आणि तिथून त्याला काळही हलवू शकत नाही.