तयारीची सभा

ठाण्याच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे आणि आदल्या शनिवारी तयारीची सभा. मनाला काही डाचत असेल तर ते त्या सभेत सर्वांपुढे बोलावे, अशी रीत होती. त्र्यंबक मास्तरांना तिथे बोलायला कधी जड गेले नाही. "मी पाप्यांतला पापी," अशी सुरुवात करून ते असे गहिवरत की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागत. ब्राह्मणाचे घर, आई, वाटणी, सारे सोडून आलेला माणूस. त्याच्या अश्रूंना मंडळीत वजन होते.

मागच्या महिन्यात मात्र निराळेच घडले. प्रभुभोजनात द्राक्षारसाचा प्याला एकच, तो हातोहात फिरे. मास्तर नेहमी पहिल्या बाकावर सर्वांत आधी बसत, म्हणून प्याला त्यांच्याच हाती आधी येई. त्या दिवशी त्यांना उशीर झाला आणि जागा मिळाली ती विश्रामच्या पलीकडे. विश्राम हा महारवाड्यातून ख्रिस्ती झालेला म्हातारा, मूळचा जुन्नरकडचा, आता बाळकुमला राही. त्याने पिऊन प्याला पुढे केला. मास्तरांनी तो ओठांशी नेला, डोळे मिटले आणि न पिताच पलीकडे दिला.

पुढच्या रविवारपासून विश्राम येईनासा झाला. पाळक हरिहररावांनी विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हातारा जरा मानी आहे. काहीतरी मनाला लागलं असेल." ते बोलणे पसरले, आणि विश्राम रुसला आहे असेच सगळे समजून चालले.

शुक्रवारी जेवताना मास्तरांना त्यांच्या बायकोने, मंदाकिनीबाईंनी, विचारले, "उद्या काय बोलणार सभेत?"

"नेहमीचंच. मी पापी आहे म्हणून."

"हो, पण कोणतं पाप?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी सगळे सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"हे मला कशाला सांगता? बाळकुम काही लंकेत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर चालत बाळकुमला गेले. विश्राम दाराशी सुंभ वळत बसला होता. मास्तरांनी वाटेत जुळवलेले बोलणे सुरू केले, "बंधो, माझ्या पतित अंतःकरणात..."

"मास्तर, मला उमजंल असं बोला."

"मी त्या दिवशी प्यायलो नाही. तुमचे ओठ लागले होते म्हणून."

"ठावं हाय. डोळं तुमी मिटलं व्हतं, म्या न्हाई."

"मला क्षमा करा."

विश्रामने सुंभाचा पीळ घट्ट केला. "हितं दोघंच हाओत, म्हून सोपं हाय. तिकडं म्या रुसलोया असं म्हनत्यात समदी. त्यास्नी कोन सांगनार?"

मास्तर परतले. रस्ताभर त्यांच्या मनात एकच होते. हे कळल्यावर लोक आपल्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहतील का? पाहणार नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

संध्याकाळी ते सभेत उभे राहिले. "विश्रामबाबा रुसलेले नाहीत. ते महार म्हणून मी त्यांच्या मागून प्यायलो नाही, आणि दोष त्यांच्यावर ढकलला." एवढे बोलून ते बसले. रडू आलेच नाही. मंडळीला ते फारच तोकडे वाटले असावे. कोणीतरी खोकले. पुढच्या बाकावरचा एकजण थोडा सरकून बसला. हरिहररावांनी पश्चात्तापावर जे बोलायचे ठरवले होते ते न बोलता नुसती प्रार्थना केली.

रविवारी विश्राम आला आणि मधल्या बाकावर बसला. मास्तर त्याच्या शेजारी जाऊन बसले. प्याला आला. विश्रामच्या मिशा त्यात भिजल्या, हे मास्तरांनी पाहिले. लहानपणापासून मुरलेली किळस एका शनिवारात जाणार नव्हती. त्यांनी डोळे उघडे ठेवले, प्याला तोंडाला लावला आणि घोट गिळला.

उपासनेनंतर अंगणात विश्रामने विचारले, "ग्वाड लागलं का, मास्तर?"

हो म्हणणे अगदी सोपे होते.

"नाही," मास्तर म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. "मंग फुडल्या म्हयन्यात बी शेजारीच बसा," तो म्हणाला आणि बाळकुमच्या रस्त्याला लागला.