राखून ठेवलेला आवाज

मित्रांनो, चर्चच्या तळघरात कॉफीचे कप ठेवायला जे लाकडी धूड वापरतात, ते म्हणजे मी, एक जुना पियानो. माझ्या काही पट्ट्या मुक्या झाल्या आहेत. उरलेल्यांचंही कोणाला काही पडलेलं नाही.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नेब्रास्कात हेडविग लिंडग्रेन या शेतकरीणबाईंच्या घरी आलो. त्यांची मुलगी अर्डिथ माझ्याजवळ बसून गायला शिकली. गावाने तिला डोक्यावर घेतलं. पुढे ती ऑपेरात गायला न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा आईने मलाही ट्रकवर चढवलं. "एकटी पडशील. हा असू दे सोबतीला," ती म्हणाली.

न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहात अर्डिथला काम मिळालं, पण राखीव गायिकेचं. मुख्य गायिका आजारी पडली तर हिने उभं राहायचं. तोवर भूमिका पाठ करून, नाट्यगृहाजवळच, फोनपाशी बसून राहायचं. मुख्य गायिका मात्र कायम ठणठणीत! वर्षं गेली. अर्डिथने कितीतरी राण्या नि विधवा तोंडपाठ केल्या. त्या फक्त मी ऐकल्या, त्याही दबक्या आवाजात, कारण बोलावणं आलं तर गळा ताजा हवा. खेळाच्या दिवशी ती कोणाशी बोलतही नसे. ती एकटीच जेवायची, माझ्या झाकणावर ताट ठेवून. खरं सांगतो, त्या घरात मला फार एकटं वाटायचं, आणि तिला माझ्याहून जास्त.

रविवारी आईचा फोन यायचा. फोन माझ्याच डोक्यावर असल्याने मला सगळं ऐकू येई.

"अगं, जावई तर दाखवला नाहीस, निदान एक गाणं तरी ऐकव. गोठ्यात गायचीस तसं, मोठ्याने."

"आई, उद्या खेळ आहे. गळा जपायला हवा. मला उभं राहायला मिळालं की इथे येऊनच ऐक."

"बरं बाई, जप."

आई दर रविवारी मागायची आणि अर्डिथ दर रविवारी गळा जपायची.

मग एका हिवाळ्यात, खेळाच्याच दिवशी दुपारी फोन वाजला. नाट्यगृहाचा असेल म्हणून तिने झडप घातली. भाऊ मर्ल होता.

"अर्डी, डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही. येतेस?"

"बर्फ पडतंय रे, विमानं बंद आहेत. आणि आज खेळ आहे."

"मग गा तरी! मी तिच्या कानाशी फोन धरतो."

"आज नको, मर्ल. आजच बोलावणं आलं तर?"

"मग त्या गळ्याचं काय लोणचं घालणार आहेस?"

अर्डिथ माझ्यासमोर येऊन बसली. मग तिने माझं झाकण उघडलं, फोन माझ्यावर आडवा ठेवला आणि त्या रात्रीच्या खेळातल्या राणीची सगळी भूमिका गायली. या वेळी आवाज दाबला नाही. ती गात होती, रडत होती, पुन्हा गात होती. माझ्या तारा थरथरत होत्या. इतक्या वर्षांत मलाही तो आवाज ठाऊक नव्हता.

फोनमधून आईचा क्षीण आवाज आला. "अगं, एवढी मोठी झालीस? आणि मला पत्ताच नाही."

फोन ठेवला, तोच तो पुन्हा वाजला. नाट्यगृहातले व्यवस्थापक बोलत होते. "मिस लिंडग्रेन, मुख्य बाईंना ताप चढलाय. आज तुम्ही उभं राहायचं."

अर्डिथने तोंड उघडलं, तर आतून नुसती घरघर. "नाही जमणार. गळा बसलाय."

"आजच? राखीव गायिकेने गळा राखायला नको?"

"राखला होता," ती म्हणाली. "फार वर्षं राखला."

त्या संध्याकाळी दुसरीच मुलगी उभी राहिली आणि रातोरात नावारूपाला आली. अर्डिथला नाट्यगृहाने पुन्हा घेतलं नाही. आई त्याच आठवड्यात गेली. अर्डिथ मला घेऊन गावी परतली, या तळघरात मुलांना गाणं शिकवू लागली आणि म्हातारी होऊन तीही गेली. त्या दुपारबद्दल ती कधी हळहळली नाही. हळहळली ती सगळ्या रविवारांबद्दल.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल, वाजवलंत तर त्याहून बरं. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याकडे जे चांगलं आहे, ते जो मागतो आहे त्याला आजच द्या. अर्डिथचा पुरता आवाज तिच्या आईने ऐकला आणि मी ऐकला. आई गेली. आता तो एकट्या माझ्यापाशी आहे, आणि मला तो कोणाला गाऊन दाखवता येत नाही.