थ्री फिफ्टीनची गोळी

आसारामच्या वडिलांची बाराबोअर बंदूक गेल्या उन्हाळ्यात कामातून गेली. नळीला चीर पडली होती. बीडच्या बंदुकांच्या दुकानात केदारअप्पांनी ती दाराशी उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं, की आता हिचा बार काढलात तर डुकराच्या आधी तुमचाच नंबर लागेल.

वडिलांच्या मागं शेतराखणीचा परवाना आसारामच्या नावावर झाला होता. धारूरच्या घाटाखालचं त्याचं गाव, वर सगळी झाडी. रानडुकरं उतरायची ती थेट पिकात, आणि हत्यार बाळगायची परवानगी असलेलं घर गावात हे एकच. फुटकी बंदूक जमा करून तो नवं हत्यार घ्यायला आला होता. घेता येणार होतं एकच. अप्पांनी दोन वस्तू पुढं ठेवल्या, एक बाराबोअर आणि एक थ्री फिफ्टीनची रायफल.

"आसारामराव, माझं ऐका, बाराबोअर घ्या," अप्पा म्हणाले. "हिचं काडतूस कवाबी मिळतंय. रायफलीच्या गोळीचं तसं न्हाई. वरून माल आला तर आला. आता हे अर्धं पाकीट हाय तेवढंच. संपल्यावर माझ्या नावानं बोंबलू नका."

"डुक्कर जवळ येऊ देत न्हाई अप्पा. छर्रे पोचतच न्हाईत."

हे खोटं नव्हतं. पण माणूस खरं कारण पोटात ठेवतो आणि बरं दिसणारं कारण ओठावर आणतो, त्यातलाच हा प्रकार. खरं कारण दसऱ्याचं होतं.

दसऱ्याला गाव सीमोल्लंघनाला शिवेवरच्या आपट्यापाशी जमायचं आणि आसारामच्या घरचा बार उडाल्याशिवाय सोन्याच्या पानाला कुणी हात लावायचं नाही. आजोबांपासूनचा हा मान. हवेत गोळी मारणं गुन्हा आहे हे पोलीस पाटलासकट सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या एका संध्याकाळी सगळ्यांचे कान देवदर्शनाला जायचे. सगळं सुरळीत होतं, पण मागच्या दसऱ्याआधी ओढ्यापलीकडच्या गावातल्या अजिनाथनं रायफल घेतली. त्याच शिवेवर, त्याच वेळी, पलीकडून 'कडाड' झालं आणि तो आवाज डोंगराला जाऊन परत आला. आसारामच्या बंदुकीचा 'धप्प' तिथंच पडला. "आसाराम, तुझी बंदूक खोकली का बे?" असं त्याचा चुलतभाऊ परमेश्वर भर गर्दीत म्हणाला, आणि लोक हसले. हसणारे आपट्याची पानं वाटून घरी गेले. आसाराम मात्र ते हसू वर्षभर उशाला घेऊन झोपला.

त्यानं रायफल घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते साफ खोटं आहे. मोल असतं, फक्त ते पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच माणसाला भरावं लागतं.

त्याची बायको सुनिता. तिनं रायफलीला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "गोळ्या हायेत का?"

"हायेत की."

"बक्कळ हायेत का?"

"पुरतील," आसाराम म्हणाला.

दसऱ्याला त्यानं बार काढला. आवाज असा निघाला की आपट्यावरची पाखरं उठली आणि म्हातारी माणसं कानावर हात ठेवून खूश झाली. पलीकडून अजिनाथनं उत्तर दिलं. मग यानं दिलं. "दे आजून एक, आज गप करू त्याला," परमेश्वर पाठीवर थाप मारत होता. कुठं थांबावं हे शहाण्याला कळतं, आणि त्या संध्याकाळी शिवेवर शहाणा असा कुणी नव्हताच. अजिनाथ शेवटी गप झाला. लोकांनी आसारामला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसल्या बसल्या त्यानं खिसा चाचपला, तर एक गोळी राहिली होती.

दुसऱ्याच आठवड्यात तो बीडला गेला. केदारअप्पांच्या मागच्या फळीवर बाराबोअरच्या काडतुसांची पाकिटं छतापर्यंत रचलेली होती. थ्री फिफ्टीनचा खण रिकामा. अप्पांनी त्याच्यासमोर दोनचार दुकानांना फोन लावले, कुठंच माल नव्हता, आणि मग त्यांनी चहा मागवला. आसाराम तो चहा तसाच ठेवून उठला.

आणि जनावर काही दुकानात माल यायची वाट बघत नाही. उजाडता उजाडता त्याच्या भुईमुगात एक दांडगा नर घुसला. आसारामनं ती शेवटची गोळी रायफलीत घातली. एकच आहे या धास्तीनं त्यानं नेम धरायला फार वेळ लावला, आणि तोवर डुक्कर वळलं. गोळी लागली, पण मागच्या मांडीत. डुक्कर किंचाळलं आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीत शिरलं. जमिनीवर रक्त पडलं होतं आणि आसारामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जखमी डुकरासारखं वाईट जनावर दुसरं नाही. ते पळत नाही, दबा धरून बसतं.

त्यानं गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, ओढ्याकडं जाऊ नका. वनखात्याला फोन केला. माणसं पाठवतो म्हणाले. दोन दिवस गेले, माणसं आली नाहीत. ओढ्याकाठी केशरबाईचं कपाशीचं रान होतं. केशरबाई म्हणजे आसारामची लांबची काकू, साठीची, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. तिची बोंडं फुटून लोंबायला लागली होती आणि आभाळ रोज दुपारी काळं होत होतं. एक सर आली की पांढरं सोनं मातीमोल. गावात वेचणी सावडीनं चालायची, आज तुझ्या रानात सगळ्या, उद्या माझ्या. केशरबाईची पाळी आली आणि बाया कमरेला ओट्या बांधून आसारामच्या दारात उभ्या राहिल्या.

"तू रायफल घेऊन म्होरं चाल," केशरबाई म्हणाली. "आमी मागं येतो."

"काकू, माझ्याकडं गोळी न्हाई."

"दसऱ्याला ढगात माराया व्हत्या, आन आता आमच्यासाठी न्हाई व्हय?"

"काकू, खरंच न्हाई." त्यानं रायफल उघडून दाखवली.

"ह्यात नसंल. घरात असंल," परमेश्वर भिंतीला टेकून म्हणाला. "लई महाग झाल्यात म्हणं. राखून ठेवतोय."

आसारामनं लेकराची शपथ घेतली. बाया हसल्या, आणि ते हसणं रागाचंसुद्धा नव्हतं. मान असलेल्या माणसानं थोडे आढेवेढे घ्यायचेच, तशी रीत असते, असंच त्यांना वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याची मूठ उघडी होती, रिकामी होती, आणि तरी लोक सव्वा लाख मोजत होते.

"तुला यायचं नसंल तर ऱ्हाऊ दे," केशरबाई वळली. "आमी जातो तशाच. कापूस काय माझी वाट बघंल का?"

त्या जाणारच होत्या. मग तो न जाऊन काय करणार होता? त्यानं रायफल खांद्याला अडकवली. सुनितानं कोपऱ्यातला उसाचा कोयता उचलून ओटीत खोचला. ती एकटीच त्याच्यावर विश्वास ठेवणारी होती, आणि म्हणूनच एकटीच घाबरलेली होती.

"म्होरं रायफल हाय, तुला कोयता कावून गं?" केशरबाईनं तिला चिडवलं. सुनिता कोयत्याच्या मुठीवर हात ठेवून चालू लागली.

सकाळचं ऊन चांगलं होतं. आसाराम पुढं, बाया मागं. मागं गप्पा रंगल्या होत्या, कुणाच्या तरी सासूची नक्कल चालली होती. त्या हसण्याचं त्याला फार वाईट वाटत होतं. रायफल नसती तर या बाया काठ्या घेऊन, ओरडत, बिचकत आल्या असत्या. आता त्या लग्नाला निघाल्यासारख्या येत होत्या.

डुक्कर बांधालाच होतं. ते बाभळीतून उठलं तेव्हा आसारामनं सवयीनं रायफल खांद्याला लावली. मागच्या बाया जागच्या जागी थांबल्या. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. रायफलीमागं उभं राहायचं आणि बार व्हायची वाट बघायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"मार की," केशरबाई हळूच म्हणाली.

बार होणार नाही हे सुनिताला ठाऊक होतं. ती बाजूनं धावली, कोयता उगारून, तोंडानं हाकारत, बायांपासून जनावराला लांब ओढत. डुक्कर हलणाऱ्या माणसावर जातं. ते तिच्यावर गेलं. आसारामनं रायफल उलटी धरून धाव घेतली, लाकडी दस्त्यानं घाव घातले, पण तोवर सुळा गुडघ्यात शिरून निघाला होता. डुक्कर लंगडत ओढ्यात उतरलं. सुनिता कापसात पडली होती आणि भोवतालची बोंडं लाल होत होती.

तिला जीपमधून अंबाजोगाईला नेलं. पाय वाचला. पण गुडघा आता वाकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे वेचणी गेली, खुरपणी गेली, भुईवर मांडी घालून जेवणंसुद्धा गेलं.

तिसऱ्या दिवशी केशरबाई डबा घेऊन आली, मागं परमेश्वर. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, काय झालं होतं?

"डुक्कर लागलं," केशरबाई सांगू लागली. "याच्या हातात भरलेली रायफल. नेम धरलेला. पण ही मधी आली, आन यानं बोट आवरलं. दुसरा आसता तर घाबरून गोळी सोडली आसती, बायकोच गेली आसती. लई काळीज लागतं त्याला."

"साऱ्या गावात हेच बोलणं चालू हाय," परमेश्वर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच आदराचा होता.

"गोळीच नव्हती," आसाराम म्हणाला. "काकू, मी आधीच सांगितलं व्हतं. नव्हतीच."

केशरबाईनं मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आता तुला कुणी बोल लावतंय का? कशाला जिवाला लावून घेतो?"

आसाराम सुनिताकडं वाकला. तिच्याशिवाय त्याला साक्षीदार नव्हता. "तू तरी सांग त्यांला. रिकामी व्हती म्हणून सांग."

सुनितानं प्लास्टरमधल्या पायाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"ऱ्हाऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी माझ्यासाठी गोळी राखली, आसं लोक म्हणत्यात. निदान लोकांच्या तोंडून तरी ऐकू द्या मला."

आसाराम तसाच वाकलेला राहिला. केशरबाईनं शेजारच्या खाटेवर बूड टेकलं होतं आणि त्या बाईला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला घेतलं होतं.